छत दोन्ही बाजूंना सारखं

बाबा कुणाचा रिपोर्ट वाचत नाहीत, हे आमच्या हॉस्पिटलात झाडूवाल्या मावशींनाही माहीत होतं. ते नाक-कान-घशाचे सर्जन. स्कॅनचं पाकीट हातात आलं की फिल्म बाहेर काढायची, उजेडाच्या पेटीवर लावायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायचं. रिपोर्टचा कागद पाकिटातच राहायचा. "कापायचं मला आहे, लिहिणाऱ्याला नाही," म्हणायचे. पुढे मी रेडिओलॉजिस्ट झाले, म्हणजे असे रिपोर्ट लिहिणं हाच माझा धंदा झाला. आई म्हणाली, "घ्या! आता पोरगी जन्मभर लिहिणार आणि बाप जन्मभर वाचणार नाही." बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. मी मात्र ते मनात धरून ठेवलं. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा गुण मी त्यांच्याकडूनच घेतलाय, नाकासकट.

गेल्या वर्षी त्यांना वास येईनासा झाला. आधी थट्टाच झाली. दूध जळून पातेलं काळं ठिक्कर पडलं तरी हे शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसलेले. "चार घरं सोडून कळलं असेल, ह्यांना पत्ता नाही," आई सगळ्यांना सांगत सुटली. मग एके दिवशी ती बाहेरून आली, दार उघडलं आणि उंबरठ्यावरच थबकली. घरभर गॅस पसरलेला. शेगडीचं बटण जरासं उघडं राहिलं होतं आणि बाबा त्याच घरात पुस्तक वाचत होते. त्या दिवसापासून थट्टा बंद झाली. आई रात्री दोनदा उठून बटणं चाचपायला लागली.

दोन्ही नाकपुड्या पॉलिपनी, म्हणजे मऊ मांसल गाठींनी, भरलेल्या होत्या. फवारे झाले, गोळ्या झाल्या, सहा महिने गेले. शेवटी धाकटे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू या. हे बाबांचे विद्यार्थी. आता त्यांचेही केस पिकलेत, पण अजून सगळे त्यांना धाकटे डॉक्टरच म्हणतात.

"करू," बाबा म्हणाले. "पण स्कॅनचा रिपोर्ट हिनं द्यायचा."

"आपल्या माणसाचा रिपोर्ट आपण देत नाही, बाबा. माझ्या विभागातलं दुसरं कुणीतरी देईल."

"हिनंच," ते पुन्हा धाकट्या डॉक्टरांकडे बघत म्हणाले.

मला राग आला. वाचणार तर नाहीतच, वर हट्ट.

स्कॅन तीन मिनिटांत झाला. आमच्या मशीनवरचे टेक्निशियन शाळेत शिकवल्यासारखे सूचना देतात म्हणून त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. "सर, गिळायचं नाही, हलायचं नाही, विचारसुद्धा करायचा नाही," मास्तर म्हणाले आणि आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना "हलू नका" म्हटलं ते बाबा निमूट पडून राहिले. बिनचष्म्याचे, चादरीत गुंडाळलेले बाबा काचेतून लहान दिसत होते.

लोकांना वाटतं, नाक बाहेरून दिसतं तेवढंच. आत बघायला लागलं की कळतं, दोन माणसांची नाकं जुळत नाहीत आणि एकाच माणसाच्या दोन नाकपुड्याही जुळत नाहीत. मधला पडदा अगदी सरळ असलेली माणसं मी चौदा वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी पाहिली असतील. आई बाबांना नाकासमोर चालणारा माणूस म्हणते. त्यांचाच पडदा डावीकडे चांगला कललेला निघाला. कुणाच्या नाकातल्या हाडात हवेचा फुगा असतो, कुणाची एखादी पोकळी वाट सोडून डोळ्याच्या नसेला जाऊन चिकटलेली असते. हे आजार नव्हेत. माणूस तसाच घडलेला असतो आणि तसाच ऐंशी वर्षं सुखानं जगतो. फक्त कुणी त्याच्या नाकात हत्यार घालणार असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

सगळ्यात जपायचं ते छत. नाकाचं छत म्हणजेच मेंदूची जमीन. तिथे मधोमध हाडाची एक बारीक चाळणी असते आणि तिच्या भोकांतून वासाच्या नसा खाली उतरतात. ही चाळणी एका खड्ड्यात बसलेली असते. खड्ड्याच्या कडेची भिंत नखापेक्षा पातळ. खड्डा जितका खोल, तितकी ती भिंत सर्जनच्या हत्यारासमोर उघडी पडते. दोन्ही बाजू सारख्या असल्या तर हाताला अंदाज येतो. एका बाजूला छत खाली उतरलेलं असलं, तर डावीकडे बसलेला अंदाज उजवीकडे फसवतो.

बाबांचं छत उजवीकडे खाली उतरलेलं होतं. शिवाय त्या पातळ भिंतीचा एक तुकडा मला दिसतच नव्हता. ती मुळातच तितकी पातळ होती, का पॉलिपनी दाबून दाबून खाल्ली होती, हे ठरवायला जुना स्कॅन हवा होता. पंधरा वर्षांपूर्वी बाबांनी स्वतःचा एक काढून घेतला होता, त्याची फिल्म घरी असणार.

पण ते खाली उतरलेलं छत पाहिलं आणि मला बेकरीतली बाई आठवली.

तेरा वर्षं झाली त्याला. बत्तीस वर्षांची बाई, बेकरीत भट्टीपाशी काम करायची. वास जाऊन वर्ष झालं होतं. पाव करपायला लागला की बाकीच्यांना आधी कळायचं आणि हिला सगळ्यात शेवटी, म्हणून ती ऑपरेशनला आली होती. ऑपरेशन बाबांनी केलं. तिसऱ्या दिवशी तिच्या उजव्या नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी ठिबकायला लागलं. ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. मग ताप आला, मान ताठ झाली. छत फुटलं होतं तिथून जंतू वर गेले होते. अठराव्या दिवशी ती गेली.

तिघांची चौकशी समिती बसली. त्यांनी फिल्म लावली आणि उजवं छत खाली आहे हे त्यांना लगेच दिसलं. "तुम्हाला दिसलं नाही?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "रिपोर्ट मी वाचत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फिल्म बघितली. चूक माझी." समोरचा माणूस चूक कबूल करतोय म्हटल्यावर पुढचे कागद कोण मागतो? बाबांनी त्या आठवड्यापासून ऑपरेशनं सोडली. अठ्ठावन्न वर्षांचे होते, हात दगडासारखा स्थिर.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, नोकरीचं पहिलं वर्ष. चौकशी झाली त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी त्यांना म्हणाले होते, "एकदा, फक्त एकदा पाकिटातला कागद काढून वाचला असतात, तर ती बाई जगली असती." आईनं माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला आणि वाक्य पूर्ण केलं. बाबा म्हणाले, "हो." आणि जेवत राहिले.

तिचा रिपोर्ट कुणी दिला होता, हे मला कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत बघता आलं असतं. मी बघितलं नाही. वेळ नव्हता असं तेव्हा स्वतःला सांगत होते. मला भीती वाटत होती, हे आज सांगते.

दुपारी घरी गेले. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. "फिल्मा त्यांच्या कपाटात," आई म्हणाली. "मला हात लावू देत नाहीत. तू बघ बाई, तुझे लाड आहेत."

कपाटात पाकिटं उभी लावलेली होती, वर्षवार, त्यांच्या स्वभावासारखी. त्यांची स्वतःची फिल्म मला लगेच मिळाली. खिडकीकडे धरून बघितली. उजवं छत तेव्हाही खालीच होतं, पण भिंत शाबूत होती. म्हणजे आता ती पॉलिपनी खाल्ली होती आणि तिथे पॉलिप नि मेंदू यांच्यामध्ये नुसतं मेंदूचं पातळ आवरण उरलं होतं. मला हवं ते कळलं होतं. पाकीट परत ठेवायला वाकले, तेव्हा सगळ्यात खालच्या कप्प्यात एकच पाकीट आडवं ठेवलेलं दिसलं. वर लिहिलं होतं, स्त्री, बत्तीस वर्षं.

आत फिल्मची दुसरी प्रत होती. उजव्या छतापाशी बाबांनी फिल्मवर खुणा करायच्या पांढऱ्या पेन्सिलीनं गोल केला होता आणि एक बाण. फिल्मच्या मागे रिपोर्ट होता. खाली माझी सही होती. तेव्हा मी सहीच्या शेवटी एक लांब शेपूट काढायची.

आमच्या धंद्यात कोऱ्या कागदापासून कुणी सुरुवात करत नाही. सगळं ठीक आहे असं सांगणारा तयार मजकूर असतो. तो कागदावर आणायचा आणि समोरच्या माणसाला जे लागू नाही ते खोडून बदलायचं. सायनसच्या स्कॅनचा मजकूर मी स्वतः बनवला होता, त्याच पहिल्या वर्षी. तीस ओळी, नेटक्या. सव्विसावी ओळ होती, छत दोन्ही बाजूंना सारखं. दिवसाला चाळीस रिपोर्ट करताना मी पॉलिपच्या ओळी बदलल्या होत्या, पडद्याची बदलली होती आणि सव्विसाव्या ओळीपर्यंत पोचले नव्हते.

त्या ओळीखाली बाबांनी शिसपेन्सिलीनं रेघ मारली होती. समासात त्यांचं बारीक अक्षर होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची तारीख घालून: "ही म्हणते सारखं आहे. मला खाली वाटतंय. डोकं तिरकं ठेवून स्कॅन काढला असेल."

डोकं तिरकं ठेवलं की सरळ छतही एका बाजूला उतरल्यासारखं दिसतं, हे खरं आहे. त्यांनी माझ्या चुकीसाठी कारण शोधून काढलं होतं.

मी जमिनीवरच बसले. मागे चपला वाजल्या.

"सापडली का माझी फिल्म?" बाबांनी विचारलं आणि माझ्या मांडीवरचं पाकीट बघून दारातच थांबले.

"तुम्ही वाचला होता," मी म्हणाले.

"हो."

"तुम्ही कुणाचाच वाचत नाही."

"तुझे वाचायचो." ते पलंगाच्या कडेला बसले. "पहिल्या दिवसापासून. कडी लावून. कुणी बघितलं असतं तर अब्रू गेली असती."

मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. तोंडावर हात दाबून धरला, बाहेर आई होती.

"मग मला फोन का नाही केलात? एक मजला वर बसत होते मी. शंका आली होती ना तुम्हाला?"

"फिरवला होता. वाजायच्या आत ठेवला."

"का?"

बाबांनी आपल्या हातांकडे बघितलं. "तुझं पहिलं वर्ष. वाटलं, हिला वाटेल बापाचाच विश्वास नाही. तुला लागेल म्हणून..."

"आणि मी तुम्हाला जेवताना काय बोलले ते?"

"आठवतं."

"तेव्हा तरी सांगायचंत!"

"काय सांगायचं? हत्यार माझ्या हातात होतं. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा कागदाला पेन लावलं नसतंस. माझं करून झालं होतं, तुझं सुरू व्हायचं होतं."

इथे मी त्यांच्या पाया पडावं, असं वाचणाऱ्याला वाटेल. माझं डोकं भडकलं. "फार मोठं मन केलंत," मी म्हणाले. "मला वाचवलंत. आणि ती ओळ? तीही वाचली ना! तेरा वर्षं झाली, मी रोज तोच मजकूर वापरते. विभागातले सगळे वापरतात, चांगला आहे म्हणून. मी कौतुकानं वाटलाय तो. मला कुणी सांगितलंच नाही की त्यातली सव्विसावी ओळ एका बाईला घेऊन गेली."

बाबांचा चेहरा एकदम उतरला. तेरा वर्षांत त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं. "ती ओळ अजून आहे?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "हा विचार मी केला नाही. मी फक्त तुझा केला."

त्यांच्यावर इतका राग आणि इतकी माया मला एकाच वेळी कधी आली नव्हती. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. आई दारातून डोकावली, दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता निघून गेली. तिला माहीत असणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

"माझा रिपोर्ट तू दे म्हणालो ते काय उगीच?" थोड्या वेळानं बाबा म्हणाले. "माझं आतलं कसं आहे ते मला माहीत आहे. उजवीकडे तसंच आहे, त्या बाईसारखं. मला बघायचं होतं, या वेळी तू काय लिहितेस."

"परीक्षा?"

"माझीही. मी या वेळी विचारतो की नाही, त्याची."

त्यांचा रिपोर्ट मी कोऱ्या पानावर लिहिला. पहिल्यांदाच. तयार ओळीचा आधार नसला की प्रत्येक हाडापाशी थांबून स्वतःलाच विचारावं लागतं, आणि अकरा ओळींना दोन तास गेले. छतासाठी तीन ओळी लागल्या. उजवीकडे छत डावीपेक्षा किती खाली आहे, भिंतीचा कोणता तुकडा गेलाय, तिथे नुसतं आवरण आहे, आणि पंधरा वर्षांपूर्वी तो तुकडा जागेवर होता. लिहून झाल्यावर विभागप्रमुखांकडे गेले. त्या बाईचा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला, समासातल्या अक्षरासकट. तो मजकूर त्या दिवशी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून काढला. तेरा वर्षांचे सायनसचे स्कॅन आता आम्ही पुन्हा तपासतोय. नाकी नऊ आलेत, पण तपासतोय. बेकरीतल्या बाईच्या नवऱ्यालाही मी जाऊन भेटले. बाबांनी त्याला चूक आपली म्हणून सांगितलं होतं, उरलेली अर्धी मी सांगितली. तो काय म्हणाला ते माझ्यापाशीच राहू दे.

ऑपरेशनच्या सकाळी बाबा हिरव्या टोपीत ढकलगाडीवर पडले होते. आई त्यांच्या चष्म्याची डबी छातीशी धरून उभी होती. धाकटे डॉक्टर एका हातात फिल्म आणि एका हातात माझा कागद घेऊन आले.

"वाचलास?" बाबांनी विचारलं.

"वाचला, सर. फिल्मही बघितली."

"दोन्ही जुळतायत?"

"जुळतायत."

"आत गेल्यावर नाही जुळलं तर?"

धाकट्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"तिला फोन करायचा," बाबा म्हणाले. "कितीही बारीक शंका असू दे. तिला काय वाटेल, मला काय वाटेल, बघायचं नाही. मी केला नव्हता."

गाडी आत गेली. आई बाकावर बसली. मी वर माझ्या खोलीत गेले, बाबांचा स्कॅन पडद्यावर लावला आणि फोन शेजारी ओढून घेतला. इतर कामं समोर होती, एकालाही हात लागला नाही. तासाभरानं वाटायला लागलं, वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे. मग वाटलं, त्या दिवशीही वाजला नव्हता. फोन कानाला लावून चालू आहे ना ते दोनदा बघितलं.

सव्वा तासानं तो वाजला.

"मॅडम," धाकटे डॉक्टर म्हणाले. मागे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. "उजवीकडे, छतापाशी आहे. तुम्ही लिहिलेला तुकडा गेलाय, बरोबर आहे. पण त्याच्या मागेही मला मऊ लागतंय. तुम्ही तिथे हाड लिहिलंय. कदाचित माझाच अंदाज चुकत असेल, उगीच तुम्हाला..."

"थांबा," मी म्हणाले. "बघते."

स्कॅनचा एकेक काप मागे सरकवत गेले. सहाव्या कापावर, जिथे मी हाड आहे असं कोऱ्या पानावर, दोन तास बसून, माझ्या हातानं लिहिलं होतं, तिथे हाडाची रेघ तुटत होती. केसाएवढी.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. "मी चुकले. तिथेही हाड नाहीये. पुढे जाऊ नका."

"नाही जात."

आणि फोनमधून मला हत्यार ट्रेमध्ये खाली ठेवल्याचा आवाज आला.